काजूची झाडं मागेच राहिली

काजूच्या बागेचं गणित कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. रोप लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिली फळं दिसतात, झाड खऱ्या अर्थानं भरायला आठ-दहा वर्षं जातात आणि मग पुढची तीसेक वर्षं ते देत राहतं. त्या बदल्यात ते एकच मागतं, हंगामाआधी बुडाशी बेणणी. कारण बोंडू पिकून खाली पडतो आणि बी जमिनीवरूनच वेचायची असते. रान माजलं तर बी हाती लागत नाही, वणवा शिरला तर झाडच जातं. म्हणून बागायतदार बागेच्या जवळ राहतो. पुढचे सगळे आकडे मला या एका गोष्टीमुळे उलगडले.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला तो गोव्यात आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही. आज टांझानियात असलेल्या म्त्वारा आणि लिंडी या दक्षिणेकडच्या किनारी भागात तो असा रुजला, की १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक आणि टांझानिया हे जगाला काजू पुरवणारे सर्वांत मोठे देश होते. यातला बराच कच्चा काजू भारतात, मुख्यतः केरळातल्या कोल्लमला, सोलायला येत असे.

याच काळात आफ्रिका खंडात एक प्रचंड प्रयोग चालला होता. नऊ भारत मावतील एवढा हा खंड. त्यातल्या निम्म्याहून अधिक देशांनी स्वातंत्र्यानंतर कधी ना कधी समाजवादाचा मार्ग जाहीर केला. घाना, गिनी, माली, बेनिन, इथिओपिया, अंगोला, मोझांबिक, यादी लांब आहे. मी टांझानियापाशी थांबतो, कारण तिथे हा प्रयोग सर्वांत प्रामाणिक माणसाच्या हातून झाला. ज्युलियस न्येरेरे पेशानं शिक्षक. देश त्यांना ‘म्वालिमु’ म्हणायचा, म्हणजे आपल्या भाषेत गुरुजी. शेक्सपिअरची नाटकं स्वाहिलीत आणणारा, साधा राहणारा हा राष्ट्राध्यक्ष. ५ फेब्रुवारी १९६७ रोजी त्यांनी अरुशा जाहीरनामा मांडला आणि काही दिवसांतच बँका, विमा, मोठ्या व्यापारी कंपन्या सरकारच्या ताब्यात आल्या. खेड्यांसाठी त्यांचा शब्द होता ‘उजामा’, कुटुंबभाव.

त्यांच्यापुढची अडचण खरी होती. टांझानियाचं क्षेत्रफळ ९ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या तिप्पट. १९६७च्या जनगणनेत माणसं मात्र सव्वा कोटीच्या आतबाहेर. त्या सुमारास एकट्या महाराष्ट्रात पाच कोटी लोक होते. इकडे एक झोपडी, मैलभर पलीकडे दुसरी. अशा देशात शाळा कुठे बांधायची, नळ कुठवर न्यायचा, दवाखाना कोणाच्या दारात काढायचा? माणसं एकत्र आली तर हे सारं देता येईल, हा विचार वेडेपणाचा नव्हता. आपल्याकडचे वाडी-पाडे ज्यानं पाहिले आहेत त्याला तो पटेल.

लोक आपणहून एकत्र येतही होते. नैर्ऋत्येकडच्या रुवुमा भागात लिटोवा नावाच्या गावापासून सुरुवात होऊन सतराएक गावांनी आपली संघटना बांधली होती. शेती एकत्र, शाळा स्वतःची, निर्णय गावसभेत. न्येरेरेंना हे काम आवडत होतं. पण स्वतःच्या बळावर उभी राहिलेली गावं सत्ताधारी पक्षातल्या वजनदार मंडळींना सोसवली नाहीत. सप्टेंबर १९६९मध्ये ही संघटना बरखास्त करण्यात आली आणि तिची मालमत्ता ताब्यात घेतली गेली. या साऱ्या कहाणीत मला सर्वांत जास्त चटका लावणारी तारीख हीच. समाजवादाच्या नावानं चाललेल्या राज्यानं आपल्या देशातला खरा समाजवाद मोडला, आणि पुढे जे घडलं ते त्या मोडलेल्या गोष्टीची नक्कल वरून लादण्यासाठी.

१९७० साली उजामा गावांत सुमारे ५ लाख लोक होते. १९७३ साली २० लाख. समजावून सांगत राहिलं तर शतक लागेल असं वाटलं असावं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात न्येरेरेंनी गावात राहणं सक्तीचं केलं आणि १९७६ अखेरची मुदत घातली. १९७५ साली आकडा ९० लाखांवर गेला, १९७७ साली १ कोटी ३० लाखांवर. गावं साडेसात हजारांहून अधिक.

यातली सगळीच माणसं हलली नाहीत. काही वस्त्या होत्या तिथेच ‘गाव’ म्हणून नोंदल्या गेल्या. तरीही प्रत्यक्ष उठवलेल्यांची संख्या किमान ५० लाख धरली जाते. तीन वर्षांत ५० लाख म्हणजे रोज साडेचार हजार माणसं, रविवार-सुट्टी न धरता. सरदार सरोवराच्या बुडितानं तीन राज्यांत मिळून दोन लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न आपण कैक वर्षं सोडवत राहिलो. टांझानियात त्याच्या वीस-पंचवीस पट माणसं तीन वर्षांत हलवली. ट्रक आले, सैनिक आले. माणसांनी परत फिरू नये म्हणून कित्येक ठिकाणी घरांची छपरं उतरवली, घरं जाळली.

अंतर पुष्कळदा पाच-दहा किलोमीटरच होतं. नकाशावर ते दिसतही नाही. पण काजूला तेवढं पुरलं. माणसं रस्त्याकडेच्या रांगेतल्या घरांत गेली आणि झाडं जुन्या जागी उभी राहिली. बेणणीला जायला कोणाला उसंत नव्हती. त्यात सरकारी खरेदीत शेतकऱ्याच्या हाती पडणारा वाटा निर्यात किमतीच्या सत्तर टक्क्यांवरून दशकभरात पस्तीसच्या आसपास आला. मग पायपीट कशासाठी करायची? १९७०च्या दशकाच्या अखेरीस मोहोरावर भुरी पडली आणि उरलंसुरलं गेलं. १९७३-७४मध्ये १ लाख ४५ हजार टन काजूबी निघाली होती. १९८६-८७मध्ये १७ हजार टनही नाही. नऊ पोत्यांच्या जागी जेमतेम एक भरत होतं. दरम्यान जागतिक बँकेच्या कर्जातून काजू सोलण्याचे बारा कारखाने उभे राहिले होते, लाख टनांहून अधिक क्षमतेचे. बी येत नव्हती, त्यामुळे बहुतेक बंद पडले.

घायपाताचं तेच. १९६४मध्ये २ लाख ३० हजार टन वाख निघत होता, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ३५ हजार टनांच्या खाली. प्लास्टिकच्या दोरीचा फटका जगभर बसला होता, पण एवढी घसरण केवळ तिच्या माथी मारता येणार नाही.

अन्नाचं काय झालं? दुष्काळ आणि स्थलांतर एकाच वेळी आले. जुलै १९७५मध्ये न्येरेरेंनी स्वतःच हिशेब सांगितला. धान्य आयातीवर १२० कोटी शिलिंग गेले होते आणि तेवढ्या पैशात देशातल्या प्रत्येक कुटुंबाला एक गाय घेता आली असती.

हे एकट्या टांझानियात घडलं नाही. इथिओपियात लष्करी राजवटीनं १९८५नंतर एक कोटीहून अधिक लोकांना अशाच आखीव गावांत आणलं, तेही दुष्काळानं लाखो माणसं गेली असताना. मोझांबिकचा काजूही कोसळला. तिथे १९७७ ते १९९२ चाललेल्या यादवीत सुमारे १० लाख माणसं मेली.

टांझानियाचा दुसरा रकाना कोरा नाही, आणि तो वाचल्याशिवाय न्येरेरेंबद्दल बोलू नये. १९६७ साली दर तीन प्रौढांमागे दोघांना अक्षरओळख नव्हती. १९८०च्या दशकाच्या मध्याला निरक्षरांचं प्रमाण सरकारी आकड्यांनुसार दहा टक्क्यांच्या आसपास आलं. शाळेच्या वयाची बहुतेक मुलं शाळेत पोचली. शंभराहून अधिक जमातींचा हा देश स्वाहिलीत बोलू लागला आणि शेजारच्या देशांसारखा यादवीत फाटला नाही. हे सारं गावांमुळे सोपं झालं, हेही खरं आहे.

१९८५मध्ये न्येरेरे आपणहून पायउतार झाले. पुढच्याच वर्षी देशानं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला. हळूहळू खरेदी खुली झाली, भाव सुधारला, भुरीवर गंधक मारणं सुरू झालं, लोक जुन्या बागांकडे वळले. १ लाख ४५ हजार टनांचा तो जुना आकडा टांझानियानं ओलांडला २०११-१२च्या हंगामात. मध्ये अडतीस वर्षं गेली. १९७४ साली बापाच्या बागेकडे मागे वळून बघत ट्रकमध्ये चढलेला दहा वर्षांचा मुलगा तोवर अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता.