अंगणवाडीतील पाण्याचा खेळ
उंच पेल्यातील पाणी पसरट ताटलीत ओतले, की ते कमी झाले असे चार-पाच वर्षांच्या मुलास वाटते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिलेली ही समजूत साधारणतः सातव्या वर्षापर्यंत टिकते. तेच पाणी पुन्हा पेल्यात ओतून पाहण्याची संधी मुलास वारंवार मिळावी. येथे उपदेशाचा उपयोग नाही. उन्हाळ्यात अंगणातील सावलीत घमेले, करवंट्या, गाळणी, पाने व खडे एवढे साहित्य पुरे. काय तरंगते, ओली फरशी कशी वाळते, हे मूल आपणच विचारू लागते. टंचाईच्या गावी बादलीभर पाणीही मोलाचे. खेळानंतर ते झाडांना घालावे. मात्र चार बोटे पाण्यातही लहान मूल बुडू शकते, म्हणून सेविकेने क्षणभरही दूर जाऊ नये.