गोचिडीचा ताप

चार दिवस ताप, डोके ठणकतेय. मलेरियासाठी रक्त तपासले, काही निघाले नाही. मग पुरळ उठले, तळहात-तळपायांवरसुद्धा. घरच्यांना गोवर वाटला. मी विचारले, "कुत्रा पाळलाय?" "हो, त्याच्या गोचिड्या मीच नखाने चिरडतो!" निम्मे निदान तेथेच झाले.

गोचिडीतील रिकेट्सिया हे जिवाणू चाव्यातून, किंवा चिरडताना कातडीवरील ओरखड्यातून शरीरात शिरतात. हा 'टिक टायफस', टायफॉइड नव्हे. चावा दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही आणि घोटाळा होतो. पेनिसिलीन येथे निरुपयोगी. डॉक्सिसायक्लीन हे स्वस्त औषध डॉक्टरांनी वेळेवर सुरू केल्यास ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो; उशीर मात्र मूत्रपिंडावर, मेंदूवर बेततो.

अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, जागा साबणाने धुवावी. रॉकेल, उदबत्तीचा चटका नको.