एका खोलीच्या घरात घड्याळजीचे डेस्क



कळमनुरी तालुक्यातील आंध समाजाच्या एका तरुणासाठी आपल्या मदतीतून घड्याळ दुरुस्तीचे डेस्क बनवून दिले. "साधे टेबल का चालले नाही? आणि एवढ्याशा जागेत हे काम होते तरी कसे?" असे काही जणांनी विचारले. हिंगोलीत घड्याळे दुरुस्त करण्यातच माझे आयुष्य गेले, म्हणून उत्तर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

आधी घराविषयी सांगतो. या तरुणाचे पाय लहानपणापासून अधू आहेत. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला जातात आणि तो आजीसोबत गावीच राहतो. सोयाबीन काढणे, हळद शिजवणे ही कामे त्याला जमत नाहीत. हात मात्र स्थिर आहेत आणि नजर चांगली आहे. घर म्हणजे दहा बाय बारा फुटांची एकच खोली, तिच्यातच चूल. आम्ही जागा पाहायला गेलो तेव्हा आजीने एकच अट घातली : "काहीबी करा दादा, पण राती अंथरूण टाकाया जागा राहिली पायजे."

या अटीतूनच डेस्कचा आकार ठरला : रुंदी २ फूट, खोली सव्वा फूट, उंची १६ इंच. दुकानात मुनीमजी गादीवर बसून लिहीत, तसे हे बैठे डेस्क आहे. खुर्चीवर चढणे-उतरणे त्या तरुणाला कठीण जाते, म्हणून जमिनीवरची बैठकच ठेवली. पाय पसरता यावेत म्हणून खालची बाजू पुढून-मागून मोकळी आहे.

१६ इंच उंची पाहून पुष्कळांना नवल वाटते. लिहिण्याचे बैठे डेस्क याहून ठेंगणे असते. पण घड्याळजी डोळ्याला भिंग लावून काम करतो. तिप्पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहायचे तर वस्तू डोळ्यापासून साधारण ८ सेंटिमीटरवर हवी. दहापट भिंगाला तर अडीच सेंटिमीटरवर. डेस्क ठेंगणे असेल तर माणसाला दिवसभर मान मोडून वाकावे लागते आणि काही वर्षांत पाठ जाते. म्हणून डेस्क बगलेच्या थोडे खाली येईल इतके उंच करतात. कोपर वर टेकले की हातही थरथरत नाही. हे माप ज्याचे त्याने बसून घ्यायचे असते. दुसऱ्यासाठी बनवाल तर उंची बदलेल.

वरच्या फळीला मागे आणि दोन्ही बाजूंना अर्धा इंच काठ आहे, म्हणजे सुटे भाग घरंगळत नाहीत. फळीवर पांढरा, न चमकणारा सनमायका आहे. त्यावर काळपट स्क्रूही दिसतो आणि पितळी चाकही. फळीखाली कापड ताणलेला एक खण आहे. तो छातीपर्यंत ओढून बसले की हातातून निसटलेली वस्तू कापडात पडते. सोनार कीस वाया जाऊ नये म्हणून जी युक्ती करतात, तीच ही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक मिलिमीटरचा स्क्रू पडला तर तो पुन्हा सापडणे कठीण.

एका स्क्रूचे एवढे काय, असे वाटेल. आपल्याकडे लग्नात जावयाला एचएमटीचे घड्याळ देण्याची पद्धत होती. या कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. २०१६ साली केंद्र सरकारने तिची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे जुन्या घड्याळाचा भाग हरवला तर दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावा लागतो. वडिलांची आठवण म्हणून घड्याळ घेऊन येणाऱ्याला "तुमचा भाग हरवला" हे सांगणे फार जड जाते.

उजेडासाठी डेस्क उत्तरेच्या खिडकीशी ठेवले आहे. आपल्याकडे उत्तरेचा उजेड दिवसभर जवळजवळ सारखा राहतो आणि ऊन डोळ्यांवर येत नाही. तरुण उजव्या हाताने काम करतो, म्हणून खिडकी डाव्या बाजूला येते. नाहीतर हाताची सावली कामावरच पडली असती. वीज जाते तेव्हासाठी चार्जिंगचा वाकवता येणारा एलईडी दिवा दिला आहे.

धूळ हा घड्याळाचा मोठा शत्रू. मळणीच्या दिवसांत भुसा उडतो, घरात चुलीची राखही असते. म्हणून उघडलेल्या मशीनवर काचेचा पेला पालथा ठेवायचा. काम संपले की डेस्कवर झाकण लावायचे, कुलूप घालायचे आणि डेस्क भिंतीला सरकवायचे. अंथरुणाची जागा तेव्हा मोकळी होते.

आत मोजकीच अवजारे आहेत : दोन भिंगे, तीन चिमटे, वेगवेगळ्या रुंदीचे पाच स्क्रू ड्रायव्हर, मागचे झाकण उघडायची चावी, हवा मारायचा रबरी फुगा, तेल आणि मल्टिमीटर. सेल उचलायला एक चिमटा प्लॅस्टिकचा आहे, कारण लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू जोडल्या जाऊन सेल उतरतो. नवा सिल्व्हर ऑक्साइड सेल सुमारे १.५५ व्होल्ट दाखवतो. मीटर लावले की बिघाड सेलचा की मशीनचा, हे लगेच कळते.

तीन नियम मी त्याच्याकडून पाठ करून घेतले. जुना सेल झाकणाच्या बाटलीतच टाकायचा. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजते. पेट्रोलने भाग धुवायचे ते घराबाहेर, चुलीपासून दूर. आणि मोबाइल डेस्कवर ठेवायचा नाही. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असते, आणि चावीच्या घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाने बाधली की घड्याळ पुढे पळते.

शेतकऱ्याच्या घरात घड्याळाचे काम ही नवलाई नाही. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातील शेतकरी कुटुंबे बर्फाच्या दिवसांत घरीच खिडकीशी बसून घड्याळाचे भाग बनवत. त्या भागातील ला शो-द-फाँ आणि ल लोकल ही घड्याळांची गावे २००९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. शेती थांबते त्या दिवसांत घर सोडावे लागू नये, ही गरज तिथेही होती आणि इथेही आहे.

या कामातून मोठी कमाई होईल असे मी म्हणणार नाही. मोबाइल आल्यापासून मनगटी घड्याळे कमी झाली. आठवडी बाजाराच्या दिवशी सेल, पट्टे, काचा आणि भिंतीवरची घड्याळे एवढेच काम मुख्यतः येते. म्हणून त्याच डेस्कवर चष्म्याचे स्क्रू, टॉर्च आणि रिमोट दुरुस्त करायलाही त्याला शिकवत आहे. रोज थोडे पण स्वतःचे पैसे हातात येतात, आणि गावातले लोक आता काम घेऊन त्याच्या दारी येतात.

आपल्या कपाटात बंद पडलेली घड्याळे असतील तर टाकून देऊ नका. ती चालू नसली तरी चालतील. त्यांतील स्क्रू, चाके आणि काटे आम्हाला उपयोगी आहेत. प्रत्येक घड्याळ वेगळ्या कागदात गुंडाळा, सेल असेल तर आधी काढून घ्या, आणि मंडळीत गोळा करून आमच्याकडे पोहोचवा.