मीटर कधी पडतं?

नव्वदच्या दशकात एसटीडी बूथवर रात्री अकरानंतर गर्दी उसळायची, कारण तेव्हा पाव दर लागायचा. काचेच्या केबिनमध्ये सगळ्यांची नजर लाल आकड्यांवर. पुण्या-मुंबईला रिंग जातेय तोवर आकडा हलत नसे. पलीकडून ‘हॅलो’ आलं की लगेच मीटर पडायचं. हे त्या डब्याला कळायचं कसं? अनेकांना संशय बूथवाल्याचाच. तो बिचारा मात्र यात कुठेच नव्हता.

लँडलाइनच्या दोन तारांवर एक्स्चेंजकडून ४८ व्होल्टचा दाब असतो. समोरच्यानं रिसीव्हर उचलला की त्याच्या बाजूचं सर्किट पुरं होतं, करंट वाहू लागतो आणि त्याचं एक्स्चेंज आपल्या एक्स्चेंजला कळवतं: उचलला. मग आपलं एक्स्चेंज आपल्या दोन तारांचे प्लस-मायनस उलटे करतं. याला ‘रिव्हर्सल’ म्हणतात. कानाला पत्ता लागत नाही, यंत्राला लागतो.

दुसरी रीत पल्सची. बोलणं चालू असताना एक्स्चेंज १६ किलोहर्ट्झचे ठोके पाठवतं. फोनवरचा आवाज ३,४०० हर्ट्झच्या आसपास संपतो, त्यामुळे हे ठोके बोलण्यात मिसळत नाहीत. यंत्र तेवढे मोजतं. गाव लांबचं, तर ठोके भराभर.

खरी पंचाईत ऑफिस, लॉज, दवाखान्यातल्या ईपीएबीएक्सची, म्हणजे आतल्या फोनांच्या छोट्या एक्स्चेंजची. लाइनवर रिव्हर्सल सुरूच नसेल तर हे यंत्र चक्क अंदाज बांधतं: नंबर फिरवून अमुक सेकंद झाले, म्हणजे फोन उचलला असणार! मग नुसत्या वाजत राहिलेल्या फोनचं बिल पाहुण्याच्या माथी, आणि दोन वाक्यांत उरकलेला कॉल फुकट. भांडण होतं काउंटरवरच्या पोराशी.

पीआरआय या डिजिटल किंवा इंटरनेटवरच्या लाइनला ही अडचण सहसा येत नाही. तिथे ‘उचलला’ हा निरोप वेगळा, स्पष्ट येतो. ‘मिस्ड कॉल’ची आपली सगळी करामत याच निरोपाआधीच्या फुकट वेळेवर उभी आहे. ती वेळ किती, यावरून २०१९मध्ये मोबाइल कंपन्यांत जुंपली, तेव्हा दूरसंचार नियामक ट्रायनं मोबाइलची रिंग ३० सेकंद आणि लँडलाइनची ६० सेकंद ठरवून दिली. कस्टमर केअरचं यंत्र मात्र स्वतःच फोन उचलतं. नंबर टोल-फ्री नसेल, तर पुढचं संगीत आपल्या खर्चानं.

एखाद्या दवाखान्यात किंवा क्लासमध्ये साध्या लाइनवर ईपीएबीएक्स बसवायचा असेल, तर बसवणाऱ्याला आधी विचारा, ‘रिव्हर्सल आहे का?’ मग त्याच्यासमोरच स्वतःच्या मोबाइलवर फोन लावा, उचलू नका आणि पूर्ण रिंग जाऊ द्या. बिलाच्या नोंदीत तो कॉल दिसला, तर पैसे देण्याआधी सेटिंग बदलून घ्या.