संपाच्या मागची चूल

ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस एसटीचा संप पेटला. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेडसह जिल्ह्यातल्या नऊही आगारांना त्याची झळ बसली. पुढचे जवळपास सहा महिने बातम्या आल्या त्या बसफेऱ्यांच्या, निलंबनाच्या, कोर्टाच्या तारखांच्या. पगार थांबलेल्या घरांत किराणा कुठून आला, मुलांची फी कुणी भरली, हे क्वचितच छापून आलं.

संपात पगार थांबला की घर चालवण्याचा भार पडतो तो बायकांवर. या भाराचा ठळक हिशेब मिळतो मुंबईच्या गिरणगावात.

लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून आलेले हजारो पुरुष बायकामुलं गावी ठेवून एकेका खोलीत दाटीनं राहत. त्यांना जेवू घालायची खाणावळवाली. चाळीतल्या आपल्याच छोट्या खोलीत ती पहाटेपासून राबायची, गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे पंगती उठवायची. पैसे हाती पडत ते कामगाराचा पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, नाहीतर सावकाराचं कर्ज.

१९७३-७४ मध्ये संपानं गिरण्या ४२ दिवस बंद राहिल्या. पगार नाही म्हणजे खाणावळीचे पैसेही नाहीत. तरी ताटं वाढली जात राहिली. युनियनच्या यादीत या बायकांची नावं नव्हती, आणि पगारवाढ मिळाली तरी ती त्यांच्या हाती पडणार नव्हती. संपाचं भांडवल मात्र त्यांनी पुरवलं, व्याजही त्यांनीच भरलं.

ही कोंडी ओळखली प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामात पायात गोळी झेललेल्या या कार्यकर्तीनं १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन सहा वर्षं उलटली होती, पण तारण नसलेल्या बाईला कर्ज कोण देणार? बायका एकमेकींना जामीन राहिल्या. पहिल्या १४ जणींना बँक ऑफ बडोदानं कर्ज दिलं. बांगलादेशातला ग्रामीण बँकेचा गाजलेला प्रयोग यानंतरचा आहे.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कामगार गावी परतू लागले तशी खाणावळींची गिऱ्हाइकं तुटली. चाळीत राहिलेल्या बायकांनी धुणीभांडी धरली, भाजी विकली, पापड लाटले. कोकणातल्या घरांत मनीऑर्डर येणं थांबलं आणि कमावता माणूस रिकाम्या हातानं दारात आला. घर चालवायला बाईकडे होती पावसाळी भाताची खाचरं आणि दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी.