महामारीच्या काळी प्रवास, उद्योग आणि खेळ

साथीच्या रोगास स्वतःचे पाय नसतात. तो माणसांच्या पायांनी चालतो, त्यांच्या गाड्यांतून व जहाजांतून फिरतो, आणि जेथे माणसे एकत्र जमतात तेथे वस्ती करतो. म्हणून मोठी साथ आली म्हणजे तिचा पहिला आघात होतो तो मनुष्याच्या प्रवासावर, त्याच्या कामधंद्यावर आणि त्याच्या खेळ-उत्सवांवर. 2020 साली कोविडची महामारी आली तेव्हा हे सर्व जगाने अनुभविले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण त्या वेळी अगदी लहान होते. शाळा बंद झाली व घरात कोंडून बसावे लागले, एवढेच त्यांस आठवत असेल. परंतु तसे का करावे लागले, पूर्वीच्या साथींत काय घडले होते, आणि पुढे पुन्हा असा प्रसंग आल्यास आपण कसे वागावे, ह्याचा विचार शांततेच्या काळीच करणे इष्ट होय. तोच येथे थोडक्यात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम प्रवासाचा विचार करू. रोग्यास निरोग्यांपासून दूर ठेवावे ही कल्पना फार जुनी आहे. पवित्र शास्त्रातील लेवीय नामक पुस्तकात महारोग्याने छावणीबाहेर राहावे असा नियम सांगितलेला आमच्या वाचकांस ठाऊक असेल. परंतु मनुष्य रोगी आहे की नाही हे कळण्यापूर्वीच, केवळ तो रोगाच्या मुलखातून आला म्हणून त्यास थांबवून ठेवावयाचे, ही युक्ती मागाहूनची आहे. एड्रियाटिक समुद्राच्या काठी रागुसा नावाचे व्यापारी नगर होते. त्यास हल्ली डुब्रॉवनिक म्हणतात. तेथील कारभाऱ्यांनी 1377 साली असा कायदा केला की, प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांनी नगरात शिरण्यापूर्वी एक महिना बाहेर काढावा. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली, आणि 'चाळीस' ह्या अर्थाच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटीन' हा शब्द रूढ झाला. ह्या युक्तीतील तत्त्व सोपे आहे. रोगाचे बीज शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात; तेवढे दिवस प्रवाशास वेगळे ठेविले म्हणजे तो रोगी की निरोगी हे आपोआप उघड होते.

आमच्या मुंबई नगरीस साथ व प्रवास ह्यांच्या संबंधाचा कटु अनुभव 1896 साली आला. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. हा रोग प्रथम ओळखणारे डॉक्टर आकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. साथ वाढू लागताच लक्षावधी लोक भयभीत होऊन शहर सोडून गेले. सरकारने 1897 च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा केला. त्यान्वये आगगाडीने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांस वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. हेतू चांगला होता, परंतु रीत कठोर होती. स्टेशनांवर चारचौघांसमक्ष स्त्रीपुरुषांची तपासणी होऊ लागली. पुण्यात तर तपासणीसाठी शिपाई लोकांच्या घरांत शिरले. त्यामुळे लोक चिडले, आणि आपले रोगी लपवून ठेवू लागले. लपविलेला रोगी उघड्या रोग्याहून अधिक घातक असतो, हे सांगणे नलगे.

इतके करूनही प्लेग हटला नाही, ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पॉल लुई सिमाँ नामक फ्रेंच डॉक्टरने 1898 साली कराचीत प्रयोग करून, प्लेग हा उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो असे दाखविले. म्हणजे इकडे माणसांची तपासणी चालली असता तिकडे धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि पिसवा बिनबोभाट प्रवास करीत होत्या! ह्यावरून एक नियम ध्यानात येतो तो हा, की रोग ज्या वाटेने चालतो तीच वाट अडविली पाहिजे. भलतीच वाट अडविली तर लोकांस त्रास मात्र होतो आणि रोग सुखरूप पुढे जातो. कोविडचा रोग मुख्यतः श्वासावाटे पसरतो. म्हणून त्यात कोंदट खोली व गच्च भरलेला डबा ही विशेष धोक्याची स्थळे ठरली, आणि तोंडावरील मुसके व उघडी खिडकी ही साधी साधने उपयोगी पडली.

1918 साली इन्फ्लुएंझाची साथ जून महिन्यात मुंबईत दिसून आली व आगगाडीच्या मार्गांनी देशभर पसरली. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली असे अभ्यासकांचे अनुमान आहे. त्या वेळी गाड्या चालूच होत्या. 2020 साली ह्याच्या उलट झाले. मार्चच्या 22 तारखेपासून देशातील प्रवासी गाड्या थांबविण्यात आल्या, मुंबईच्या लोकल गाड्याही थांबल्या, आणि 25 तारखेपासून सर्व देशभर टाळेबंदी सुरू झाली. अन्नधान्य व औषधे नेणाऱ्या मालगाड्या तेवढ्या धावत होत्या.

येथे उद्योगाचा प्रश्न येतो. कारण जो मनुष्य थांबतो, त्याची मजुरीही थांबते काय, हा साथीच्या काळातील सर्वांत कठीण प्रश्न आहे. प्लेगच्या वेळी मुंबईच्या गिरण्यांतील कामगार मोठ्या संख्येने गावी निघून गेले. गिरण्या तर चालवावयाच्या होत्या. तेव्हा महिना उलटून गेल्यावर पगार देणाऱ्या मालकांस काही काळ रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली. 2020 साली कारखान्यांची दारेच बंद झाली. हातावर पोट असलेल्या परप्रांतीय मजुरांजवळ भाड्यास पैसा नाही, गावी जावे तर गाडी नाही, अशा अवस्थेत हजारो कुटुंबे पायीच चालू लागली. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यातील असेच काही मजूर भुसावळकडे रुळांच्या कडेने निघाले होते. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने ते थकून रुळांवरच निजले. आणि 8 मे 2020 रोजी पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, मालगाडीखाली सापडून त्यांतील सोळा जण ठार झाले. मजुरांसाठी खास गाड्या त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू झाल्या होत्या. परंतु त्या गाडीपर्यंत पोहोचण्याचेही साधन ह्या बिचाऱ्यांजवळ नव्हते.

अशीच विषमता समुद्रावरही दिसून आली. फेब्रुवारी 2020 मध्ये 'डायमंड प्रिन्सेस' नावाचे प्रवासी जहाज जपानातील योकोहामा बंदरात अडकले. त्यावर 3,711 माणसे होती, व त्यांपैकी सातशेंहून अधिक जणांस रोगाची बाधा झाली. प्रवाशांस आपापल्या खोल्यांत बसण्याचा हुकूम झाला. परंतु त्यांस जेवणाची ताटे पोचविणारे नोकर एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि काम करीत होते. त्या नोकरवर्गात शंभरांहून अधिक भारतीय होते. ह्यातील बोध स्पष्ट आहे. काही जण घरी बसू शकतात, ते इतर काही जण घराबाहेर राबत असतात म्हणूनच. लेखनाचे, हिशेबाचे व शिकविण्याचे काम संगणकाच्या साहाय्याने घरून होऊ शकले; परंतु परिचारिका, सफाई कामगार, एस. टी. चा चालक, दूधवाला व भाजीवाली ह्यांचे काम घरून होणारे नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 2020 साली जगात जेवढे कामाचे तास बुडाले, ते 25 कोटी 50 लाख माणसांच्या पूर्ण वर्षाच्या नोकरीइतके होते. ही केवळ संख्या नव्हे; प्रत्येक आकड्यामागे एक चूल आहे.

आता खेळांकडे वळू. खेळ ही करमणूक असल्यामुळे तो साथीत सहज थांबविता येईल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु खेळाचा प्राण म्हणजे जमाव, आणि जमाव म्हणजेच साथीचे शेत. 19 फेब्रुवारी 2020 रोजी इटलीतील मिलान शहरी फुटबॉलचा एक मोठा सामना झाला. जवळच्या बेर्गामो नगराचा संघ खेळणार म्हणून तेथील हजारो लोक गाड्यांत दाटीवाटीने बसून तो पाहण्यास गेले. प्रेक्षकांची संख्या चाळीस हजारांहून अधिक होती. आपल्यामध्ये रोग पसरू लागला आहे हे त्यांतील कोणासही ठाऊक नव्हते. दोनच दिवसांत त्या प्रांतातील साथीची वार्ता फुटली, आणि मार्च महिन्यात बेर्गामोतील शवपेट्या लष्कराच्या मोटारींतून अन्यत्र न्याव्या लागल्या. साथीस कारणे अनेक असतात, हे खरे. तथापि तो सामना त्यांपैकी एक असावा असे तेथील जाणत्या डॉक्टरांचे मत पडले.

त्यानंतर क्रीडाजगताने जे मार्ग काढिले ते पाहण्यासारखे आहेत. विम्बल्डनची टेनिस स्पर्धा त्या वर्षी रद्द झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर असे प्रथमच घडले. टोकियोचे ऑलिंपिक सामने एक वर्ष पुढे ढकलण्यात येऊन जुलै 2021 मध्ये सुरू झाले. टोकियोच्या क्रीडांगणांत प्रेक्षकांस प्रवेश नव्हता. 7 ऑगस्ट रोजी नीरज चोप्रा ह्याने भालाफेकीत सुवर्णपदक मिळविले, ते रिकाम्या आसनांसमोर. आयपीएलची क्रिकेट स्पर्धा संयुक्त अरब अमिरातीत नेण्यात आली व खेळाडूंस बाहेरच्या जगापासून अलग ठेविले गेले. चेंडूस थुंकी लावण्याची गोलंदाजांची जुनी सवयही तेव्हाच नियमाने बंद झाली. परंतु धनाढ्य स्पर्धांस असे मार्ग सापडले, तसे लहानांस सापडले नाहीत. 1934 पासून अखंड चालत आलेली रणजी करंडकाची स्पर्धा 2020-21 च्या हंगामात प्रथमच झाली नाही; आणि त्या सामन्यांच्या मानधनावर ज्या खेळाडूंचा संसार चालतो त्यांची मोठी ओढाताण झाली. म्हणजे येथेही तोच भेद: थांबणे सर्वांस सारखेच लागू, परंतु थांबण्याचा भार सारखा नाही.

खेळांप्रमाणेच धर्माचे मेळेही थांबले. 2020 सालचा पुनरुत्थानाचा सण ख्रिस्ती मंडळींनी घरीच प्रार्थना करून पाळला. आषाढीस पंढरपूरची पायी वारी निघाली नाही. संतांच्या पादुका एस. टी. बसमधून नेण्यात आल्या. भक्तीस जमाव लागतोच असे नाही, हे उभय समाजांनी त्या वर्षी जाणले.

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी ती आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. गाड्या, कचेऱ्या व क्रीडांगणे पुन्हा भरली. परंतु साथींचा इतिहास पाहता पुढे कधी तरी दुसरी साथ येणार, हे गृहीत धरणेच शहाणपणाचे आहे. तेव्हा पुन्हा प्रवासावर बंधने येतील, काही कामे घरून होतील, काही सामने रिकाम्या मैदानांत होतील. त्या वेळी प्रत्येक बंधनाविषयी दोन गोष्टी तपासून पाहाव्या असे आम्हास वाटते. एक ही, की रोगाची खरी वाट ह्यामुळे अडते काय. आणि दुसरी ही, की ह्या बंधनाने ज्याची रोजी बुडेल त्याच्या अन्नाची, भाड्याची व घरी जाण्याची तजवीज आधी झाली आहे काय. पहिली गोष्ट शास्त्राची आहे, दुसरी न्यायाची. जो नियम पहिलीस उतरतो परंतु दुसरीस उतरत नाही, तो पाळला जात नाही. कारण उपाशी मनुष्य घरी बसू शकत नाही. प्लेगमध्ये लोकांनी रोगी लपविले आणि कोविडमध्ये मजूर रुळांवरून चालले, ह्यांत हट्ट नव्हता, निरुपाय होता.

हे सर्व राज्यकर्त्यांचे काम आहे, आपल्या हाती काय आहे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते आपल्या हाती थोडे नाही. पुष्कळ शाळांत वर्षभर एकही दिवस गैरहजर न राहणाऱ्यास बक्षीस देण्याची चाल आहे. नियमितपणा हा सद्गुण खराच. परंतु अंगात ताप असता केवळ बक्षीस बुडू नये म्हणून जो मुलगा वर्गात येऊन बसतो, तो स्वतःस बक्षीस आणि शेजाऱ्यास ताप मिळवून देतो. आजारपणाची रजा अशा बक्षिसाच्या आड येऊ नये, असा नियम प्रत्येक शाळेने करावा. क्रीडासंमेलनाच्या दिवशी ज्यास खोकला-पडसे असेल त्याने घरी राहावे, आणि त्याच्या चमूने त्यास भ्याड न म्हणता त्याचे आभार मानावे. पालकांस आमची विनंती एवढीच, की आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई ताप आला म्हणून चार दिवस आली नाही, तर तिचे त्या दिवसांचे पैसे कापू नयेत. ते पैसे कापले तर ती तापातच कामास येईल. आणि मग रोग दारात आला तर दोष कोणाचा?

शेजाऱ्यावर आपणासारखी प्रीती करावी ही आज्ञा आम्ही मुलांस रोज शिकवितो. साथीच्या काळी ती पाळावयाची म्हणजे, आपण थांबावयाचे आणि ज्यास थांबणे परवडत नाही त्याच्या भाकरीची काळजी वाहावयाची. ह्या दोन गोष्टींची सवय साथ येण्यापूर्वीच लावून घेतली पाहिजे. साथ आल्यावर ती लावून घेण्यास वेळ नसतो.