फोन एकाचा, संभाषण दोघांचं

मागच्या वेळी एकांनी विचारलं होतं: कंपनीने आपली संदेशसेवा फक्त आपल्याच फोनवर चालवली, तर बिघडलं कुठे? वस्तू तिची, मर्जी तिची. आपण हे ॲपलच्या आयमेसेजवर तपासून पाहू.

२०११ साली आलेलं आयमेसेज ॲपलच्या उपकरणांबाहेर चालत नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला. त्यातला एक आरोप असा, की आयफोनवरून ॲन्ड्रॉइडवाल्याला पाठवलेला संदेश हिरव्या फुग्यात जातो, व्हिडिओ धूसर होतो, एन्क्रिप्शन राहत नाही. उलट त्याच्या महिनाभर आधी युरोपीय आयोगाने आयमेसेजला डिजिटल बाजार कायद्याच्या खास बंधनांतून वगळलं. व्यवसायांना ग्राहकांपर्यंत पोचण्याचं ते महत्त्वाचं द्वार नाही, असं आयोगाचं मत पडलं. व्हॉट्सॲपवर मात्र ही बंधनं आहेत.

मग बरोबर कोण? आम्हाला यात विरोध दिसत नाही. नुसतं दार बंद ठेवणं हा गुन्हा नव्हे. छोट्या दुकानाने दार लावलं, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. प्रश्न येतो तो पुढचं दुकान गाठणंच महाग पडतं तेव्हा.

आणि इथे एक गोष्ट विसरू नये. फोन एकाचा असतो, संभाषण दोघांचं. फोन बदलणारा एकटा बदलतो. मित्रांचा गट तिथेच राहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपलने आरसीएस स्वीकारलं, व्हिडिओ सुधारले, फुगा मात्र हिरवाच राहिला. म्हणून ‘मालक कोण?’ एवढ्यावर थांबू नये. ‘सोडून जाण्याची किंमत कोण ठरवतं?’ हेही विचारावं.